राईत रंगपीठ उभारताना: झाडांच्या मधोमध नाटकाला जागा कशी करावी

देवदिवाळी झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, आणि मग वैशाखापर्यंत कुठल्या ना कुठल्या देवळासमोर दशावतार रंगतोच. मोकळी जागा, एक लाकडी बाकडं, पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामानावर रात्र उजाडते. नाटकाला किती कमी लागतं हे कोकणाला वेगळं शिकवावं लागत नाही. तरीही शाळा, कलामंडळं किंवा पर्यटन व्यवसायातली मंडळी राईत खुलं नाट्यगृह बांधायला निघतात तेव्हा माझ्यासमोर पहिल्यांदा येतो तो अर्धगोल काँक्रीटचा तयार नकाशा. मग त्या नकाशाला बसेल अशी जागा राईत शोधायची, म्हणजे झाडं तोडून ती करायची.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात घरं आणि छोट्या सार्वजनिक इमारती बांधते. राईतल्या रंगपीठांची कामंही केली आहेत. काही चांगली झाली. एकात एक मोठं झाड गेलं, त्याबद्दल पुढे येईलच. हा लेख साधारण २५० ते ३०० प्रेक्षकांचं रंगपीठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. त्याहून मोठं काही राईत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी जागा कुणाची ते बघा

सातबारा आणि फेरफार काढा. मालकी खाजगी असली तरी जमिनीवर खाजगी वनाची नोंद असू शकते. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने कोकणातल्या बऱ्याच जमिनींना अशी नोंद लागली आहे, आणि ती असेल तर वनखात्याशी बोलल्याशिवाय कुदळ मारता येत नाही. समुद्र किंवा भरतीचं पाणी येणारी खाडी जवळ असेल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) रेषा तपासा. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचे सध्याचे नियम बघा, आणि एकही झाड तोडायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते.

जागा देवराईची असेल तर तिथे बांधू नका. देवराईच्या बाहेर, तिच्या सावलीपासून दूर सरका. आणि जागा कुणाचीही असो, गावकर आणि मानकऱ्यांना आधी भेटा, देवाला गाऱ्हाणं घाला. तुमची श्रद्धा असो वा नसो, त्या निमित्ताने गावातली जाणती माणसं जागेवर येतात. कुठल्या दरडीतून पाणी फुटतं, कुठलं झाड आतून पोकळ आहे, हे ती बोलता बोलता सांगून जातात. अशी माहिती कुठल्याच नकाशावर नसते.

एक पावसाळा नुसता बघा

घाईत असलेल्या माणसाला हे पटत नाही, पण सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ३,००० लिटर पाणी, आणि तेही मुख्यतः चार महिन्यांत. तुमचं रंगपीठ सहा महिने नाटकाचं आणि चार महिने पाण्याचं असणार. आषाढात भर पावसात जागेवर जा. पाणी कुठून उतरतं, कुठे साठतं, व्हाळ (ओढा) किती फुगतो, हे बघून बांबूच्या खुंट्या ठोका. आम्ही खुंट्यांना रंग लावतो: पाणी वाहतं तिथे निळा, साठतं तिथे लाल. नंतर उन्हाळ्यात आखणी करताना त्या खुंट्या बघितल्या की बसायच्या पायऱ्या कुठे येऊच शकत नाहीत ते आपोआप ठरतं.

डोंगराची कुठली कूस

समुद्र दिसणारी जागा सगळ्यांना हवी असते. नाटकासाठी ती बहुतेकदा चुकीची.

नाटकाचा हंगाम कार्तिक ते वैशाख. या काळात सूर्य पश्चिमेला, हिवाळ्यात थोडा नैऋत्येकडे मावळतो. प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसले तर पहिला अर्धा तास त्यांना नट दिसणार नाहीत. शिवाय दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो, लाटांची गाज घेऊनच. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो, डोंगराकडून समुद्राकडे हळू वाहू लागतो. आवाज वाऱ्याच्या दिशेने चांगला जातो. म्हणजे रंगपीठ पूर्वेला आणि प्रेक्षक पश्चिमेला असले तर मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर पडतं आणि रात्रीचा वारा नटाचे शब्द त्यांच्याकडे आणतो.

पण किनाऱ्यालगतचे बरेचसे उतार समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे असतात. तिथे बसलं की तोंड पश्चिमेलाच होतं. म्हणून टेकडीची समुद्राकडे पाठ असलेली कूस शोधा, पूर्वेला किंवा ईशान्येला उतरणारी. तिथे टेकडीची कड संध्याकाळचा वारा आणि गाज दोन्ही अडवते. दाट झाडं लावली की आवाज अडतो हा समज मात्र सोडून द्या. झाडांनी रस्ता दिसेनासा होतो, ट्रकचा आवाज येतच राहतो. आवाज अडतो तो मातीने आणि दगडाने.

उतार दर १० फुटांना ३ ते ४ फूट असावा. त्याहून सपाट असेल तर मागच्यांना दिसत नाही, आणि त्याहून उभा असेल तर माती धरून ठेवायला भिंती बांधाव्या लागतात.

राईच्या कडेला जुनी, बंद पडलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण) असेल तर तिच्याकडे आधी बघा. जमीन आधीच सपाट, मागे जांभ्याची उभी भिंत, आणि एकही झाड तोडायचं नाही. मात्र दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे पावसाळ्यात खाणीचं तळं होतं, तेव्हा पाणी बाहेर काढायला खालच्या बाजूने चर काढता येतो का. दुसरी म्हणजे प्रतिध्वनी. मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. प्रेक्षकांच्या मागची भिंत पहिल्या रांगेपासून २८-३० फुटांपेक्षा लांब असेल, तर परतलेला शब्द मूळ शब्दापासून सुटा ऐकू येतो आणि संवाद गढूळ होतात. अशा भिंतीवर वेली सोडून काही साधत नाही. तिच्या पायथ्याशी फुटके चिरे आणि मातीचा तिरपा ढीग रचला की आवाज विखुरतो.

झाडांची मोजणी

आता राईतल्या प्रत्येक झाडाला नंबर द्या. जात, छातीच्या उंचीवरचा घेर, झुकाव, फांद्यांचा पसारा आणि ढोल्या वहीत उतरवा. झाडाच्या बुंध्याभोवती किती जागा शिवायची नाही, याचा जगभर वापरला जाणारा हिशोब बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्या असा आहे. टेपने घेरच मोजला जातो, म्हणून सोपं करून सांगते: घेराच्या जवळजवळ चौपट. घेर ५ फूट असेल तर बुंध्यापासून सुमारे १९ फुटांपर्यंत खोदायचं नाही, भर घालायची नाही, डंपर न्यायचा नाही, सिमेंट कालवायचं नाही.

भर घालायची नाही हे मी मुद्दाम लिहिते. एका कामात बसायच्या पायऱ्यांच्या मध्ये एक जुना रायवळ आंबा आला होता. आम्ही सगळेच त्याच्यावर खूश होतो. पायरी सरळ यावी म्हणून त्याच्या बुंध्याभोवती दीड फूट माती टाकली आणि चिऱ्यांचा सुबक पार बांधला. एकही मूळ तोडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पालवी बारीक आली, तिसऱ्या वर्षी आलीच नाही. झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. जांभ्यावर मातीच पातळ, त्यामुळे ती आणखी वर असतात. आम्ही त्यांचा श्वास कोंडला होता. माणसं खाली बसतात तिथे वाळलेलं झाड ठेवता येत नाही, तोडावं लागलं. ज्याच्या सावलीसाठी ती जागा निवडली होती तेच गेलं.

त्या जपायच्या वर्तुळात बसायची सोय करायचीच असेल तर जमिनीवर नुसते चिरे ठेवून त्यावर फळ्या टाका. खोदणं नाही, भर नाही, आणि हंगाम संपला की उचलून नेता येतं.

फणसाखाली आणि माडाखाली बसायची जागा कधीच नको, कारण सांगायला नको. आंब्यावर ओंबिलांची (लाल मुंग्यांची) घरटी असतात, तीही बघून घ्या. उंच, झुकलेली आणि आतून पोकळ झाडं जाणकाराकडून तपासा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि त्यानंतर मे २०२१ च्या तौक्ते वादळात कोकणात काय काय आडवं झालं ते आपण पाहिलं आहे. पण ढोली दिसली म्हणून झाड लगेच तोडायचं नाही. ढोलीत धनेश पक्षी असू शकतो. विणीच्या काळात मादी ढोलीचं तोंड लिंपून आत बसते आणि नर बाहेरून फळं भरवतो. ही वीण उन्हाळ्यात, म्हणजे ऐन नाटकाच्या हंगामात असते. अशी ढोली सापडली तर रंगपीठ तिथून लांब न्या.

आवाजाची परीक्षा

आखणीच्या आधी एखाद्या जुन्या नटाला जागेवर घेऊन या. यंत्रं नंतर. एका कामात आम्ही चुना टाकून रंगपीठाचा मध्य काढून ठेवला होता. गावातले एक वयस्कर दशावतारी आले, चपला काढल्या, चुन्याच्या खुणेवर उभे राहिले आणि राजाच्या तोंडचं एक वाक्य टाकलं. मी वर चाळीस फुटांवर होते. शब्द पोचले, पण पोकळ. ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, "हय उबो रवलंय तर आवाज रानात जाता. मागल्या दरडीक पाठ लावन बगुया." दहा-बारा पावलं मागे गेले, जांभ्याच्या दरडीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं. मला शेवटचा 'त' सुद्धा ऐकू आला. आम्ही त्याच संध्याकाळी चुन्याची खूण पुसली.

यामागचं कारण साधं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. नटाच्या लगेच मागे कठीण पृष्ठभाग असेल तर मागे जाणारा आवाज परत फिरतो, आणि इतक्या लवकर परततो की कानाला तो मूळ शब्दातच मिसळलेला लागतो. दरड नसेल तर चिऱ्यांची ७-८ फुटांची भिंत बांधा आणि तिला चुन्याचा गिलावा करा, कारण उघडा जांभा सच्छिद्र असल्याने थोडा आवाज गिळतो. ती भिंत आतल्या बाजूला गोल वळवू नका. आवाज एकाच ठिकाणी गोळा होतो आणि बाकीचे कोरडे राहतात. दोन-तीन सरळ तुकडे थोड्या कोनात जोडणं चांगलं.

आखणी

रंगपीठ साधारण २४ फूट रुंद, १८ फूट खोल पुरतं. दशावताराला ते ऐसपैस होतं. जाखडीत वादक आणि गाणारे मध्ये बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात, म्हणून पुढची कड गोलाकार ठेवा आणि मध्ये खांब आणू नका. पिंगुळीच्या चित्रकथी (चित्रं दाखवून सांगायची गोष्ट) किंवा कळसूत्री बाहुल्यांसारखा खेळ असेल तर प्रेक्षकांना पहिल्या तीनच रांगांत, रंगपीठाच्या अगदी जवळ बसवा. लहान खेळ मोठ्या जागेत हरवतो.

रांगांचा हिशोब असा. रंगपीठाच्या मध्यापासून पहिली रांग १८ फुटांवर, पुढे दर ३ फुटांना एक अशा आठ रांगा, शेवटची ३९ फुटांवर. अर्धवर्तुळात या सगळ्यांची लांबी सुमारे ७१६ फूट होते. दोन वाटांसाठी ६४ फूट सोडले आणि माणशी २ फूट धरले तर सुमारे ३२५ माणसं बसतात. झाडांसाठी जागा सोडल्यावर २६०-२७० राहतात. शेवटच्या माणसालाही नटाचे डोळे दिसतात, आणि माइकशिवाय नाटक होऊ शकतं. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंदी आहे, सवलतीचे मोजके दिवस सोडले तर. रात्रभर चालणाऱ्या खेळाला माइकशिवाय पोचणारी जागा म्हणूनच खरी उपयोगाची.

दर पायरीला ३ फूट खोली आणि १४ इंच उंची ठेवा. पण अर्धवर्तुळाच्या हट्टाने झाड आडवं आलं तर रांग तोडा, झाडाच्या अलीकडे थांबवा आणि पलीकडून पुन्हा सुरू करा. राईत मोडकी रांग शोभून दिसते. आखणी कागदावर न करता सुंभ आणि खुंट्यांनी जागेवर करा, प्रत्येक रांगेत माणसं बसवून बघा, आणि मग मोजून कागदावर उतरवा.

बांधकाम

पायऱ्यांसाठी जवळच्या खाणीचा चिरा वापरा. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो. दोन-तीन पावसाळ्यांत त्यावर शेवाळ चढलं की तो राईचाच वाटतो. याच शेवाळावर पाय घसरतो, म्हणून चालायच्या वाटांवर दर वर्षी तारेचा ब्रश मारायला विसरू नका.

गडग्यासारखी (दगडी कुंपणासारखी) चुन्याशिवायची सुकी रचाई दिसायला सुंदर असते. बसायच्या पायऱ्यांना मात्र ती करू नका. आमच्या कातळाच्या मुलखात फुरसं भरपूर, आणि चिऱ्यांमधली बोटभर फट त्याला पुरते. माणसं पाय सोडून बसतात ती उभी बाजू चुन्याने फटी भरून पूर्ण बंद करा. खाली पाणी निघायला भोकं ठेवावी लागतात, त्यांना बारीक जाळी लावा. खेळाच्या दिवशी दुपारी पालापाचोळा झाडून घ्या, वाटांवर पावलापुरता उजेड ठेवा, आणि सर्पदंशाचं औषध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं हे संयोजकांना तोंडपाठ असू द्या.

पायऱ्यांच्या वरच्या बाजूला आडवा चर काढून डोंगराचं पाणी दोन्ही अंगांनी व्हाळाकडे न्या. प्रत्येक पायरीला बाहेरच्या बाजूला हलका ढाळ द्या. पायऱ्यांचा पृष्ठभाग सिमेंटने लिंपू नका, झाडांना पाणी तिथूनच मिळतं.

रंगपीठाच्या जमिनीसाठी मला खळ्याहून चांगलं काही सापडलं नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि वाळवी लागते, फरशी अनवाणी नाचणाऱ्याच्या गुडघ्यांना त्रास देते, उघडा चिरा तळवे सोलतो. खळं दर वर्षी नव्याने करायचं असतं. पाऊस सरला की माती खणायची, भिजवायची, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. तुळशीच्या लग्नाआधी घराघरात हे काम चालू असतं, तेव्हाच रंगपीठाचंही उरकून घ्या. हात गावातच मिळतात. रंगपीठ दर वर्षी मातीचं नवं होणार असेल तर त्यावर कायमचं छप्पर लागत नाही, आणि राईतली सगळ्यात मोठी इमारत आपोआप टळते.

छपराची म्हणून एकच इमारत करा: रंगपट, म्हणजे नटांची रंगायची जागा. तो झाडांच्या शेंड्यांखाली राहील इतका बुटका, दरडीच्या आडोशाला, रंगपीठापासून वीस-पंचवीस पावलांवर असावा. मंगलोरी कौलं, ३० अंशांचा उतार, आणि भिंतीवर पावसाची झड येऊ नये म्हणून तीन फुटांची पागोळी. आत बायकांची वेगळी खोली, पुरुषांना खाली बसून रंगायला मोकळी जमीन, पेटारे ठेवायला कट्टा आणि गणपती मांडायला कोनाडा हवा. रंगपटाला रुंद पडवी द्या. अवकाळी सर आली तर वाद्यं आणि म्हातारी माणसं तिथे येतात. १०० चौरस मीटरच्या छपरावर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर पाणी खाली येतं, त्यामुळे पागोळ्यांखाली दगडी गटार आधी आणि भिंत नंतर.

संडास दोन खड्ड्यांचे, विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि विहिरीच्या चढावर नाहीत. जांभ्यातून पाणी झिरपतं, म्हणून अंतर जितकं वाढेल तितकं चांगलं. बायकांसाठी पुरुषांहून जास्त बांधा. गाड्या राईबाहेर सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) थांबवा आणि माणसांना पाणंदीतून चालत आणा, पण सड्यावर गाड्या नेण्याआधी कातळ पाण्याने धुऊन बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि कित्येक माती-गवताखाली झाकलेली असतात. चालू न शकणाऱ्यांसाठी एक वाट १२ फुटांना १ फूट चढाची, खडी नसलेली, रंगपीठापर्यंत आणा.

उजेड, आग आणि वीज

दिवे उबदार पिवळ्या रंगाचे, खाली तोंड असलेले आणि बुटके असू द्या. झाडांवर खालून झोत टाकणं आता सगळीकडे दिसतं, पण ते करू नका. वर झोपलेले पक्षी उठतात आणि अंधारात बघणाऱ्या प्राण्यांची रात्र मोडते. झाडाला खिळा ठोकू नका, स्वतंत्र खांब उभे करा. केबल मुळांतून खणून नेण्याऐवजी गडग्याच्या कडेने पाइपमधून न्या. जनित्र टेकडीच्या पलीकडे ठेवा.

फाल्गुनापासून पाला वाळतो आणि आसपासच्या काजूच्या बागांत साफसफाईची आग लागते. जागेभोवती १० फुटांची जाळरेषा (आग अडवायला पाला-गवत काढलेला पट्टा) शिमग्याआधीच काढा आणि पाण्याची पिंपं भरून ठेवा. वैशाखात वळीव येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवायचा आणि माणसांना झाडांखालून बाहेर काढायचं, हे नाटकमंडळीशी आधीच बोलून ठेवा. तेव्हा वाद घालायला वेळ नसतो.

वैशाखातला शेवटचा खेळ झाला की दिवे, केबल, फळ्या सगळं उतरवून रंगपटात ठेवा आणि वीज तोडा. मेअखेरीस राईत काजवे येतात आणि त्यांची जोडी उजेडाच्या खुणेवर जमते, तेव्हा तिथे एकही दिवा नको. मृगाआधी एकदा चर आणि जाळ्या साफ करा, रंगपीठाच्या मातीवर झावळ्या पसरून त्यावर दगड ठेवा.

नव्याने झाडं लावायची असतील तर ती पहिल्या पावसानंतर: सुरंगी, किंजळ, कोकम, सातवीण, आणि वाटेच्या कडेने ओवळ (बकुळ). त्यातली ओवळ रंगपीठाकडे येणाऱ्या वळणावर लावा. तिची फुलं खाली पडली की त्यांच्या वासाने अंधारातही वाट सापडते.